बुधवारची ओळ

महिपत धनावडेच्या गळ्यात आवाज घालायला देव विसरला, असं त्याची आई सांगायची, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. संगमेश्वर तालुक्यातल्या त्याच्या गावात दहा वर्षांचा पोरगा जाखडीच्या फेरात उतरला नाही असं होतच नाही. मधे शाहीर आणि ढोलकीवाला, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल नाचणार, आणि शाहिराची ओळ संपली की सगळ्यांनी ती उचलून झील धरायची. महिपतने पहिल्याच गणपतीत झील धरली आणि शाहिराने हात वर करून ढोलकी थांबवली. "धनावड्यांच्या पोरा, तू नाच. तोंड मीट नि कान उघडे ठेव," असं तो भर अंगणात म्हणाला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसरा कोणी असता तर पुन्हा त्या फेराकडे फिरकला नसता. महिपतने मात्र ते अगदी जसंच्या तसं मनावर घेतलं. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याने कान उघडेच ठेवले.

त्या कानांवरच त्याचं पोट चालतं म्हणा ना. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदरात तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बोट चालवणारा तांडेल येऊन सांगतो, "महिपतशेठ, कायतरी आवाज येतोय." हा पाना हातात घेत नाही. "चालू कर," म्हणतो, आणि धक्क्यावर उकिडवा बसून डोळे मिटतो. मिनिटभराने म्हणतो, "दोन नंबरचा नोझल बघ." खोलून बघावं तर दोन नंबरचाच नोझल. नवीन शिकून आलेली मेकॅनिक पोरं याला हसतात आणि मग गुपचूप यालाच बोलावतात.

बाकी वेळी हा माणूस ऐकत असतो. भजन, कव्वाली, नाट्यगीत, वरातीचा बँड, काय वाटेल ते. पण जीव अडकलेला शक्ती-तुऱ्यात, म्हणजे जाखडीच्याच सामन्यात. रत्नागिरीकराला हे सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो: एका बाजूला शक्तीवाले, म्हणजे देवीचा पक्ष घेणारे, दुसऱ्या बाजूला तुरेवाले, म्हणजे शंकराचा. एका शाहिराने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने उभ्या उभ्या गाण्यातूनच ते सोडवायचं. नाही सुटलं तर हरला. म्हणून नवीन कोडं असलेलं गाणं सामन्याच्या दिवसापर्यंत जिवापाड लपवून ठेवतात. वाडीतली बाई शेजारणीला कालवणाची पाककृती सांगेल, पण घरातल्या शाहिराचं नवं गाणं सांगणार नाही.

आणि देवाची गंमत बघा. ज्याच्या गळ्यात काही नाही त्याच्या पोटी मृणाली आली. काय आवाज त्या पोरीचा! धारदार, पण कुठे ओरखडा नाही. ती कॉलेज संपवून एका वकिलाकडे टायपिंग करते, आणि संध्याकाळी वहीत गाणी बांधते. नवं गाणं झालं की ते सगळ्यांत आधी बाबाला ऐकवायचं, हा तिचा आठवीपासूनचा नेम. महिपत बंदरावरून आला की मागल्या दारी साबणाच्या चुऱ्याने हातांचं ऑईल काढत बसणार, आणि ती पायरीवर बसून गाणार. संपलं की हा सांगणार, "तिसऱ्या ओळीत श्वास तुटतो गो तुझा." बास, एवढंच. वाहवा नाही, काही नाही. तेवढ्यासाठी ती थांबलेली असायची. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या त्या घरात त्या दोघांचं जे काही नातं होतं ते त्या पायरीवर होतं.

आता त्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच झाला. ग्रुपचं नाव 'आत्ता काय ऐकताय?' मेडिकलच्या दुकानात काम करणाऱ्या शमिकाने तो काढला. शमिका मृणालीची मैत्रीण. त्रेचाळीस माणसं. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारा एक जण, हर्णैला सुकी मासळी विकणारी एक बाई, दोन मास्तर, एक तलाठी, शक्तीवाले, तुरेवाले, सगळे एकत्र. संध्याकाळी साडेसातला ज्याच्या कानावर त्या क्षणी जे गाणं पडतंय ते त्याने अर्धा मिनिट मोबाईल हवेत धरून रेकॉर्ड करायचं आणि टाकायचं. नुसतं नाव लिहायचं नाही, कुठून तरी उचललेलं गाणं चिकटवायचं नाही. मागे कुकरची शिट्टी आली तर येऊ दे. खोटं चालणार नाही. आणि ग्रुपमधलं बाहेर न्यायचं नाही, हा शेवटचा नियम.

महिपतने त्यासाठी मोबाईलमध्ये साडेसातचा गजर लावून ठेवला होता. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापाने फणफणला होता तेव्हा शेजारच्या घरातली आरती पाठवली होती. लोक त्याला मानायचे. महिपतकाकांनी टाकलंय म्हणजे ऐकायलाच हवं, असं म्हणायचे. ज्याला अख्ख्या गावाने तोंड मीट म्हणून सांगितलं होतं, त्याला इथे त्रेचाळीस माणसं कान देत होती. त्याला ते किती गोड लागत असेल याचा विचार करा.

तर तो बुधवार. रविवारी शहरातल्या नाट्यगृहात दुपारी तीनला सामना होता, शक्तीवाल्यांकडून मृणाली, तुरेवाल्यांकडून भिकाजी शाहीर. भिकाजी म्हणजे तीस वर्षं स्टेजवर काढलेला गडी, पुराणं तोंडपाठ, समोरच्याची फिरकी घेण्यात पटाईत. मृणालीचा शाहीर म्हणून हा पहिलाच सामना. पथकातल्या जुन्या माणसांनी साफ सांगितलं होतं, "एक संधी. जमलं तर पुढे बघू, नाय तर झील धरायची." भिकाजीने तर चहाच्या टपरीवर म्हणून ठेवलं होतं की पोरीबाळींशी खेळायचं आता माझं वय राहिलं नाही. म्हणजे रविवारी ती गप्प झाली असती तर पुन्हा तिला कोणी उभं केलं नसतं. हे महिपतला पुरतं ठाऊक होतं.

पुराणात भिकाजीला गाठणं शक्य नाही, म्हणून मृणालीने कोडं बंदरातून उचललं होतं:

पाण्यात जन्म ज्याचा, पाण्यातच जाई मरून,
मेल्या मासळीला राखी आपल्या पोटात घेऊन,
चिमूटभर होऊन बसे ताटाचा कोपरा धरून,
सांगा शाहीर तुरेवाले, नाव त्याचे ओळखून!

मीठ. सोपं वाटतं ना घरी बसून? हजार माणसांसमोर, ढोलकी अंगावर येत असताना, चार ओळींत उत्तर बांधून दाखवा. शंखापासून मोत्यापर्यंत सगळं डोक्यात येईल, मीठ येणार नाही.

महिपतच्या पडवीत तालीम चालू होती. बारा जणांचं पथक, ढोलकी, झांजा. मृणाली कोडं गायला लागली, त्याला लागूनच पुढे उकल, म्हणजे उत्तराची ओळ. ढोलकीवाल्याने त्या गाण्यासाठी एक नवा ठेका बसवला होता, मधेच दोन मात्रा श्वास रोखल्यासारखा थांबणारा. महिपत सगळ्यांच्या मागे बसून भान हरपून ऐकत होता. गजर वाजला. त्याचा हात आपसूक वर गेला, जसा रोज जायचा तसा. अर्धा मिनिट. खाली त्याने दोनच शब्द लिहिले, 'माझी लेक', आणि पाठवून दिलं. ढोलकी-झांजांच्या नादात कोणाचं तिकडे लक्षही गेलं नाही.

गाणं संपलं. मृणालीने वही मिटली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "रविवारपर्यंत यातला एक शब्द या पडवीच्या बाहेर जाता नये. घरी बायकापोरांना पण नाही. बाबा, तुम्ही पण बंदरावर गुणगुणू नका."

सगळे हसले. महिपतला गुणगुणता कुठे येतंय! महिपतही हसला, आणि हसता हसता त्याचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला.

तो मागल्या दारी गेला. ओल्या हाताला मोबाईल दाद देईना. लुंगीला हात पुसून त्याने बघितलं. सहा जणांनी ऐकलं होतं. पाच नावांचं त्याला काही वाटलं नाही. सहावं नाव हर्षदचं होतं. हर्षद भिकाजी शाहिराचा ढोलकीवाला.

महिपतने ते सगळ्यांसाठी पुसून टाकलं. पुसल्यावर काय उरतं, तर 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी. दोन मिनिटांत विचारणा सुरू. काका, काय काढलंत? काका, परत टाका ना, लेक कोण, मृणाली का? त्याने मोबाईल बंद केला आणि पायरीवर बसून राहिला. आतून सगुणाने, त्याच्या बायकोने, हाक मारली तरी त्याला ऐकू आली नाही.

त्याच वेळी जाऊन सांगितलं असतं तर? अहो, हेच तर. चार दिवस हातात होते. पण माणूस घाबरला की त्याला शहाणपण सुचत नाही, सबबी सुचतात. महिपतला सुचलं ते असं: पोरीला सांगितलं तर तिचा धीर सुटेल. हर्षद चांगला मुलगा आहे. ग्रुपचा नियम आहे. आणि अर्ध्या मिनिटात काय कळणार? काय कळणार म्हणे! कोडं आणि उत्तर दोन्ही त्यात होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

रात्री जेवताना मृणाली ताटावरून नजर न उचलता म्हणाली, "बाबा, काही सांगायचंय का?"

"मला? नाय गो. घसा सांभाळ. ताक पिऊ नको."

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळपासून त्याने हर्षदला सात फोन केले. एकही उचलला गेला नाही. त्या दिवशी धक्क्यावर एका बोटीचं इंजिन ऐकून त्याने पंप खोलायला लावला. पंप बरोबर होता. बिघाड साध्या पट्ट्याचा निघाला, आणि तांडेल चकित होऊन बघत राहिला. "शेठ, आज कान घरी ठेवून आलास काय?" असं त्याने विचारलं. एरवी महिपतने त्याला चार शिव्या हासडल्या असत्या.

संध्याकाळी साडेसातला हर्षदने ग्रुपवर त्याचा तुकडा टाकला. नुसती ढोलकी. गाणं नाही, शब्द नाही. महिपतने तो कानाला लावला, आणि सातव्या सेकंदाला थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावला. ढोलकी मधेच दोन मात्रा थांबली होती. तोच ठेका. जगात दुसरीकडे कुठेही नसलेला, काल त्याच्या पडवीत वाजलेला.

म्हणजे ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, हाताखालून काढलं होतं. आणि मेल्याने मुद्दाम टाकलं की मोहाने टाकलं? ढोलकीवाल्याला नवा ठेका सापडला की त्याचे हात शिवशिवतात, हेही खरंच. बिचाऱ्याने आपलं नियमाप्रमाणे खरं ते टाकलं असेल. महिपतने स्वतः दुसरं काय केलं होतं?

शुक्रवारी तो स्कूटर काढून हर्षदच्या घरीच गेला. हर्षद वायरिंगची कामं करतो. अंगणात वायरींचं भेंडोळं सोडवत बसला होता. महिपतला बघून उभा राहिला, पण डोळे वायरीवरच.

"काका, या. चहा घ्या."

"चहा नको. बुधवारचा ऐकलास ना तू?"

"ग्रुपमधलं ग्रुपमध्ये, काका."

"शाहिराला ऐकवलास काय?"

हर्षदने वायरीची गाठ सोडवली, पुन्हा पडली, पुन्हा सोडवली. "तुम्ही उगाच टेन्शन घेताय," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. बिघडलेलं इंजिन महिपत मिनिटात ओळखतो, आणि इथे तर अर्धं मिनिटही लागलं नाही. तो तसाच मागे फिरला.

घरी मृणाली पायरीवर बसली होती. वही मिटलेली. महिपत हात धुवायला बसला. "गाऊन दाखवू का पुन्हा?" तिने विचारलं. तो हो म्हणाला, आणि ती गायली, तेच, चिमूटभर होऊन बसे ताटाचा कोपरा धरून. प्रत्येक शब्द त्याला सुईसारखा लागत होता.

"कुठे श्वास तुटतोय?"

"नाय तुटत."

"दुसरं काही?"

आता सांग. आता तरी सांग रे बाबा! तोंड उघडलंही त्याने. तेवढ्यात सगुणा तांदूळ धुतलेलं पाणी टाकायला बाहेर आली, आणि तो म्हणाला, "छान झालंय." आठवीपासून आजवर त्याने मृणालीला छान झालंय असं कधीही म्हटलं नव्हतं. ती वही उचलून आत गेली. शनिवारी दुपारी ती शमिकाकडे जाते सांगून गेली ती दिवेलागणीला परतली, आणि त्या दिवशी पायरीवर आलीच नाही. सगुणा म्हणाली, "तुमाला काय झालाय? दोन दिस धड जेवला नायत." त्याने पित्त झालंय म्हणून सांगितलं.

शनिवारचे साडेसात वाजले, गजर झाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा महिपतने काही पाठवलं नाही.

रविवारी नाट्यगृह खच्चून भरलं. मुंबईहून चाकरमानी खास आले होते. महिपत आणि सगुणा चौथ्या रांगेत. सगुणा नवं लुगडं नेसून देवाचं नाव घेत होती, आणि महिपतला बसल्या जागी घाम फुटला होता. पंखा डोक्यावरच होता.

पहिला मान तुरेवाल्यांचा. भिकाजी शाहीर भगवा फेटा बांधून आला आणि गणातच त्याने सभा खिशात घातली. कोडं घातलं पुराणातलं, अवघड. मृणाली उभी राहिली. महिपतने खुर्चीचा हात धरला. तिने दोन क्षण घेतले आणि सोडवलं. टाळ्या पडल्या. मग तिची पाळी. तिने पदर खोचला, ढोलकीकडे मान हलवली, आणि तो ठेका सुरू झाला. पलीकडच्या बाजूला बसलेल्या हर्षदची बोटं त्याच्या मांडीवर तोच ठेका धरत होती. महिपतला ते स्वच्छ दिसलं. भिकाजी शाहीर खुर्चीला टेकून मिशीवरून हात फिरवत होता. कोडं ऐकणारा माणूस असा बसत नाही. तो पुढे वाकतो.

पाण्यात जन्म ज्याचा, पाण्यातच जाई मरून. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. भिकाजीने शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले.

मग तिसरी ओळ.

चव नाही जिभेवर, जाई घामाने निथळून!

महिपत एकदम पुढे सरकला. ओळ विसरली! पोरगी घाबरून भलतंच गायली. त्याने सगुणाचा हात घट्ट धरला. पण झीलकऱ्यांनी ती ओळ उचलली, अकराच्या अकरांनी, एका तोंडाने, कुठे चाचपडणं नाही. ढोलकी जिथे थांबायची तिथेच थांबली. म्हणजे चुकलं नव्हतं. सगळ्या पथकाला ती ओळ पाठ होती. एकट्या महिपतला ती माहीत नव्हती.

भिकाजी उठला. त्याला घाई झाली होती हो! तयार उत्तर खिशात असलेला माणूस वाट बघत नाही. हसत हसत, हात नाचवत त्याने सुरू केलं:

मिठाचा गं खडा तो, कोडं कसलं हे पोरी,
आईला विचार जाऊन, बरणी ठेवते कुठे घरी!

त्याची माणसं ओरडली, शिट्ट्या मारल्या. बाकी सभा अर्धवट हसली आणि थांबली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "चव नाय म्हणाली ना ती?" भिकाजीचा हात हवेतच राहिला. मृणाली पुढे आली. तिला घाई नव्हती.

बर्फाची लादी ती शाहीर, फुटे रोज धक्क्यावरी,
अळणी मीठ खाणारे लोक राहती कुणाच्या घरी?

काय कल्लोळ झाला म्हणून सांगू! बंदरावरची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. सगुणा रडायलाच लागली. महिपत ताडकन उठला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागला, आणि तेवढ्यात मृणालीने माईक जवळ घेतला. गाऊन नाही, साध्या आवाजात, गोड हसत तिने विचारलं, "शाहीर, तिसरी ओळ आजची ऐकलीत, की बुधवारचीच ऐकलीत?"

लोकांना वाटलं, काहीतरी टोमणा आहे. हसले. पण भिकाजीची मान खाली गेली, हर्षदने ढोलकीआड तोंड लपवलं, आणि चौथ्या रांगेत टाळ्या वाजवणारे महिपतचे हात थांबले. तो हळूच खाली बसला. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

सामना सहाच्या पुढे संपला. निकाल काय, तो सगळ्या रत्नागिरीला त्याच संध्याकाळी कळला. स्टेजच्या मागे हार, नारळ, फोटो. जुनी माणसं मृणालीच्या पाठीवर थापा मारत होती, पुढच्या महिन्याच्या तारखा विचारत होती. महिपत भिंतीला टेकून उभा होता. गर्दी जरा कमी झाल्यावर तो पुढे गेला.

"मृणाल."

"बुधवारीच कळलं, बाबा. शमिकाने ऐकलं होतं. तुम्ही पुसायच्या आधी तिने मला फोन केला." ती चाळ काढत होती. वर बघत नव्हती. "त्याच रात्री ओळ बदलली. तुम्ही झोपल्यावर. शनिवारी तिच्या गच्चीवर तालीम घेतली सगळ्यांची."

"मग शुक्रवारी पायरीवर जुनीच का गायलीस?"

"तुमच्यासमोर नवी कशी गाणार? तुमच्या खिशात मोबाईल होता."

महिपतला हे फार लागलं. ती चोर म्हणाली असती, बेअक्कल म्हणाली असती तर सोसलं असतं. चुकून झालं गो, असं तो कसंबसं म्हणाला.

"चुकून झालं ते मला पण कळतंय. तुम्हाला भान राहिलं नाही म्हणून झालं. त्याचा राग नाही मला." आता तिचे डोळे भरले. "दोनदा विचारलं मी तुम्हाला. दोनदा! काही सांगायचंय का म्हणून. आणि तुम्ही काय म्हणालात, तर छान झालंय. आज हजार माणसांनी माझं गाणं पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यात तुम्ही पण होतात. असं कधी झालं होतं का, बाबा?"

नव्हतं झालं. पायरीवर गायलेलं गाणंच लोकांनी मागाहून ऐकायचं, हाच रिवाज होता. आता त्यात खंड पडला होता आणि तो त्याच्याच हाताने पडला होता.

"माफ कर," तो म्हणाला.

"मला काय सांगता? जिथे पाठवलंत तिथे सांगा."

परतीच्या टेम्पोत सगळं पथक कोंबून बसलं होतं. मृणाली ढोलकीवाल्याशेजारी, महिपत समोर, मधे झांजांची पिशवी. पोरं ओरडत होती, भिकाजीची नक्कल करत होती. मिरजोळ्याचा चढ लागला आणि महिपतच्या खिशात गजर वाजला. साडेसात. एक एक करून सगळे गप्प झाले. मोबाईलमध्ये आधीच ढीग पडला होता. त्या दिवशी नियम मोडून सगळ्यांनी मृणालीचंच गाणं टाकलं होतं, नाट्यगृहात चारी बाजूंनी रेकॉर्ड केलेलं. खाली शमिकाने लिहिलं होतं, 'महिपतकाका, आत्ता काय ऐकताय?'

त्याने बटण दाबून धरलं. मोबाईल हवेत नाही धरला, स्वतःसमोर धरला. तीन वर्षांत ग्रुपवर त्याने स्वतःचा आवाज कधी टाकला नव्हता. तो घोगरा, फुटका आवाज, जो ऐकून एकदा ढोलकी थांबली होती.

"मी महिपत धनावडे. आत्ता टेम्पोचा आवाज ऐकतोय. बुधवारी मी माझ्या लेकीचं न गायलेलं गाणं इथे टाकलं, आणि घाबरून पुसलं. तिला सांगितलं नाय. तिने विचारलं तरी नाय सांगितलं. हर्षदला कोणी काय बोलू नका, सुरुवात माझी आहे. आज तिचं गाणं मी सगळ्यांच्या बरोबर ऐकलं. माझ्या आधी कोणी ऐकायचं नाय, असं होतं आमच्यात. ते मी घालवलं. एवढंच."

पाठवलं. ड्रायव्हरने गिअर बदलला, आणि गिअरबॉक्स खरवडतोय हे महिपतच्या कानाने टिपलं, पण त्याने ते सांगितलं नाही.

मृणालीने हात पुढे केला. महिपतला आधी कळलं नाही, मग त्याने मोबाईल तिच्या हातात दिला. हातभर अंतरावर बसून तिने सगळं ऐकलं होतं, तरी मोबाईल कानाला लावून तिने ते पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ऐकताना डोळे मिटले होते, त्याच्यासारखेच.

"शेवटी श्वास तुटतोय तुमचा," ती म्हणाली, आणि मोबाईल परत दिला.

घर आलं. सगळे उतरले. महिपत नेहमीच्या सवयीने मागल्या दारी गेला, हात स्वच्छ असून धूत बसला. आत मृणाली आईला हार दाखवत होती. थोड्या वेळाने ती दारात आली, हातात वही होती. त्याने खिशातला मोबाईल काढला, उठला, तिच्या बाजूने आत जाऊन तो देवाजवळ ठेवून आला, आणि पुन्हा पायरीखाली बसला.

"नवीन काही आहे का?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. वही तिने छातीशी धरली होती. "पण आज नाही, बाबा."

ती आत गेली.